अंगणातून सभागृहात

दिग्रसच्या एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, त्या इथल्या बाई. तालुक्यातल्या एका तांड्यावर अंगणवाडी चालवणारी सेविका, ती ताई. शिकवणाऱ्या बाईने राजकारणात जावं का, यावर दोघींचं पटत नाही.

बाई : ताराबाई मोडक विधानसभेत होत्या, म्हणून शिक्षिकांनी राजकारणात जावं, हे तुझं म्हणणं मला उलटं वाटतं. त्यांच्या आयुष्याचा क्रम बघ. 1892 मध्ये मुंबईत जन्म, 1914 मध्ये बी.ए., मग लग्न होऊन आपल्या वऱ्हाडात, अमरावतीच्या एका वकिलाच्या घरी. 1921 मध्ये तो संसार मोडला. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईने कोपऱ्यात बसावं असा तो काळ. ही बाई राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजची प्राचार्य झाली. तिथून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ, 1936 मध्ये दादरचं शिशुविहार, 1945 मध्ये बोर्डी. बोर्डीच्या बालवाडीत वस्तीवरची पोरं येईनात, तर बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तुझी अंगणवाडी तिथून आली. आता यात 1946 ते 1951 ही विधानसभेची वर्षं कुठे बसतात, ते सांग. त्या वर्षांतलं त्यांचं एखादं भाषण कुणाच्या तोंडी आहे का? बोर्डीचं अंगण मात्र देशभर गेलं. शिकवणारी बाई सभागृहात गेली की शाळेला एक चांगली बाई कमी पडते आणि सभागृहात हात वर करणारी एक वाढते. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मला फार मोठा वाटतो.

ताई : बाई, तुम्ही बोर्डीचं सांगितलंत, पण बोर्डीच्या मागच्या जंगलाचं नाही सांगितलं. ती पोरं काहून येत नव्हती? त्यांचे आईबाप सावकाराच्या, जमीनदाराच्या शेतावर वेठीला होते. लग्नापुरतं कर्ज घेतलं म्हणून जन्मभर राबणारा लग्नगडी तिथे होता. ज्या साली ताराबाई बोर्डीला आल्या, त्याच 1945 मध्ये, त्याच पट्ट्यात गोदावरी परुळेकर वारल्यांची संघटना बांधत होत्या. मे महिन्यात झरीला परिषद झाली, वेठ करायची नाही असं ठरलं. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मेले. दोन मराठी बाया, एकच साल, जवळपास एकच मुलूख. एकीने पोराच्या हातात मणी आणि खडू दिले, दुसरीने त्याच्या बापाच्या मानेवरचं जू उतरवलं. मला सांगा, बाप गडी म्हणून बांधलेला असता तर त्याचं पोर ताराबाईंच्या अंगणात किती दिवस टिकलं असतं? माझ्या तांड्यावरून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात. हजेरीपटावर नाव राहतं, पोर जातं. मी गाणी कितीही चांगली शिकवली तरी ते थांबणार नाही. ते थांबेल मजुरीने, पाण्याने, रोजगाराच्या कामाने. आणि ती कामं अंगणवाडीत मंजूर होत नाहीत.

बाई : गोदावरीबाईंचं नाव घेतलंस, बरं केलंस. पण चळवळ आणि निवडणूक एका पोत्यात भरू नकोस. झरीच्या परिषदेला जाताना त्यांना कुणाच्या तिकिटाची गरज नव्हती. तू ज्या राजकारणाबद्दल बोलतेस ते वेगळं आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये बायकांसाठी निम्म्या जागा 2011 पासून राखीव आहेत. जागा राखीव निघाली की पुढाऱ्यांना एक स्वच्छ नाव हवं असतं, आणि गावात सर्वांत स्वच्छ नाव शिक्षिकेचं असतं. वीस वर्षं तिने पोरं शिकवलेली, घरोघरी तिला नमस्कार. ते नाव उसनं घ्यायचं, पाच वर्षं वापरायचं. सह्या ती करते, ठरवतो दुसराच. असं मी जवळून पाहिलेलं आहे, आणि त्या बाईला परत वर्गात उभं राहताना झालेलं ओझंही पाहिलेलं आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. दिग्रससारख्या गावात प्रत्येक घरी वेगळा झेंडा असतो. एकमेकांशी न बोलणारे दोन बाप आपापलं पोर एकाच बाकावर बसवतात, कारण बाई कुणाची नाही असा त्यांचा विश्वास असतो. तिने एकदा चिन्ह घेतलं की तो विश्वास जातो. मग ती गणिताचा मार्क कमी देईल तेव्हाही बाप त्यात पक्ष शोधेल. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सेवेत असताना निवडणूक लढवता येत नाही, यावर तुम्ही तरुण मंडळी चिडता. मला तो नियम शहाणा वाटतो.

ताई : तोच नियम करणाऱ्या सरकारला निवडणुकीच्या कामाला मात्र शिक्षक लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमात शिक्षकाला बाहेरची कामं देऊ नका म्हटलंय, आणि जनगणना, आपत्ती, निवडणूक ही तीन कामं त्याच कलमात वगळलीत. मतदान केंद्र सांभाळायला शिक्षक हवा, मतदार याद्या घेऊन घरोघर फिरायला हवा. राजकारणाचं सगळं हमालकाम त्याने करायचं आणि तोंड उघडायचं नाही, यात तुम्हाला निःपक्षपात दिसतो, मला दिसत नाही.

पण ते सोडा. मी तुम्हाला एका आयरिश बाईची गोष्ट सांगते, कारण तुमच्या आक्षेपाचं उत्तर तिला शंभर वर्षांपूर्वीच मिळालं होतं. मार्गारेट कझिन्स. आयर्लंडमधल्या बॉइल गावची, संगीतात पदवी घेतलेली. 1908 मध्ये हॅना शीही-स्केफिंग्टन या मैत्रिणीबरोबर तिने तिकडे बायकांच्या मताधिकारासाठी संघटना काढली, तुरुंगात गेली. 1915 मध्ये नवऱ्यासोबत हिंदुस्थानात आली आणि मदनपल्लीला शिकवू लागली. 1917 मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला येणार होते. कझिन्सबाईंनी त्यांची भेट मागितली ती मुलींच्या शिक्षणासाठी. उत्तर आलं की शिष्टमंडळं फक्त राजकीय विषयांवर भेटतील. मग त्यांनी अर्जात बायकांच्या मताची मागणी घातली, आणि सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ गेलं. शाळा मागायला गेलेल्या बाईला दारावर सांगितलं की आधी राजकारण बोल. 1921 मध्ये मद्रास आणि मुंबई इलाख्यांत बायकांना मत मिळालं.

पुढचं तर आपल्या पुण्यातलं. जानेवारी 1927, अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. ते बोलावण्यात कझिन्सबाईच पुढे होत्या. विषय फक्त शिक्षण. पण मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलायला बसलं की पहिल्याच तासाला बालविवाह आडवा येतो. नऊ वर्षांच्या मुलीचं लग्न लागलं तर तिला शाळेत ठेवणार कशी? त्याच अधिवेशनात बालविवाहाविरुद्ध ठराव झाला, आणि याच बायका पुढे 1929 च्या शारदा कायद्याच्या मागे उभ्या राहिल्या. राजकारण त्यांनी निवडलं नाही, बाई. शाळेचा रस्ता तिथूनच जात होता.

बाई : माँटेग्यूची गोष्ट माझ्याही मनाला लागते. पण तुझ्याच आयरिश बायांचं पुढे काय झालं ते मीही सांगते. त्या हॅनाने 1912 मध्ये डब्लिनमध्ये सरकारी इमारतीच्या काचा फोडल्या, तुरुंगात गेली, आणि तिची शिक्षिकेची नोकरी गेली. तिने ती किंमत मोजली, तिला माझा दंडवत. आता स्वतंत्र आयर्लंड बघ. 1930 च्या दशकात तिथे नियम आला की प्राथमिक शाळेतल्या नव्या शिक्षिकेचं लग्न झालं की तिने राजीनामा द्यायचा. तो नियम 1958 पर्यंत टिकला. आला तेव्हा सरकार कुणाचं होतं? ईमन डी व्हॅलेरांचं. ते मुळात गणिताचे शिक्षक. एवढंच नाही, डब्लिनजवळच्या कॅरिसफोर्ट कॉलेजात त्यांनी शिक्षिका होऊ घातलेल्या मुलींनाच गणित शिकवलं होतं. त्या मुलींची तोंडं त्यांनी वर्षानुवर्षं समोर बाकांवर पाहिली होती. तरी तो नियम झाला.

म्हणजे शिक्षक सत्तेत गेला म्हणून शाळेचं भलं होतं, या समजुतीला आधार नाही. खुर्चीवर बसल्यावर माणूस खुर्चीच्या उंचीवरून बघतो. तिथून पटसंख्या दिसते, खर्च दिसतो, बेकारी दिसते, पोर दिसत नाही.

ताई : कुठला शिक्षक, तेही बघावं लागेल ना. शिकवणारे सगळे सारखे नसतात. कॉलेजात शिकवणारा वेगळा, आणि तीन वर्षांच्या पोराचं नाक पुसत शिकवणारी वेगळी. ताराबाईंसारखी एखादी सोडली तर ही दुसरी आत गेलेली दिसत नाही, माझं दुखणं ते आहे.

मूळ राज्यघटनेतलं 45वं कलम आठवा. चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, दहा वर्षांत द्यायचा प्रयत्न. त्यात खालची वयोमर्यादाच नव्हती. माझी तीन वर्षांची पोरंही त्यात होती. 2002 मध्ये 86वी घटनादुरुस्ती झाली, शिक्षण मूलभूत हक्क झालं, सगळ्यांनी पेढे वाटले. पण हक्क सहा ते चौदा वर्षांना. सहाच्या आतल्यांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढंच उरलं. ताराबाईंनी ज्या वयासाठी आयुष्य वेचलं ते वय हक्कातून बाहेर ठेवलं गेलं. तिथे एखादी बालवाडीची बाई बसलेली असती तर तिने विचारलं असतं की पोर सहाव्या वर्षी अचानक जन्मतं का?

आणि आपल्या राज्यातलं बघा. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षकांच्या मतदारसंघांच्या. आपला अमरावती विभागाचा, पाच जिल्ह्यांचा. घटनेच्या 171व्या कलमाने मत कुणाला? माध्यमिकच्या खालच्या दर्जाची नाही अशा संस्थेत तीन वर्षं शिकवलेल्याला. म्हणजे तुम्हाला मत होतं. प्राथमिक शाळेच्या गुरुजींना नाही. मला तर नाहीच. जितकं पोर लहान, तितकी शिकवणारी बाई असण्याची शक्यता जास्त, आणि तितकं तिचं मत गायब. ताराबाई आज बोर्डीला शिकवत असत्या तर शिक्षक म्हणून त्यांनाही मतदार यादीत जागा नसती.

बाई : हे तू बरोबर बोललीस. मी इतकी वर्षं त्या मतदारसंघात मतदान केलं आणि तुमचं नाव त्यात नाही, हे मला कधी टोचलं नाही. ते टोचायला हवं होतं.

पण मत असून आम्ही काय केलं, तेही ऐक. प्रचाराला जे जे आले ते अनुदानाबद्दल बोलले, जुन्या पेन्शनबद्दल, वेतनश्रेणीबद्दल, विनाअनुदानित तुकड्यांबद्दल. मागण्या खऱ्या होत्या. बिनपगारी दहा-दहा वर्षं शिकवलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्या पोटाचा प्रश्न मी हलका मानत नाही. पण आठवीत येऊनही ज्याला सरळ वाचता येत नाही त्या पोराबद्दल कुणी मत मागितल्याचं मला आठवत नाही. शिक्षकांना वेगळा मतदारसंघ दिला की शिक्षक हा एक हितसंबंध होतो. पोराचा प्रतिनिधी होत नाही. तुम्हाला मत मिळालं तर तुमच्याकडेही उमेदवार मानधनाचाच आकडा घेऊन येईल. आणि तुझ्या 2002 बद्दल एक आठवण : तेव्हाचे शिक्षणमंत्री मुरली मनोहर जोशी अलाहाबादला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. तू म्हणशील प्राध्यापक, बालवाडीची बाई नव्हे. पण हे असं किती खाली उतरवत नेणार?

ताई : अंगणापर्यंत. त्याच्या खाली उतरायला जागा नाही.

मानधनाचा आकडा घेऊन आला तर येऊ दे की. ताराबाई गेल्या 1973 च्या ऑगस्टमध्ये. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि त्यांची अंगणवाडी सरकारने घेतली. काय घेतलं? नाव घेतलं, अंगण घेतलं, आहार आणि वजनकाटा आणला. तेही हवंच होतं, भुकेलं पोर शिकत नाही. पण शिकवणं हे सहा सेवांपैकी एक झालं, आणि शिकवणारी मानसेवी झाली. माझा दिवस बघा. गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरण, घरपोच आहार, वजन-उंची, मोबाईलवर पोषण ट्रॅकर. 2021 मध्ये आम्ही राज्यभर सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले होते. या सगळ्यातून शिकवायला जो वेळ उरतो तो उरतो. तांड्यावरची पोरं घरी गोरमाटी बोलतात. आधी त्यांच्या बोलीत बोलून मग मराठीकडे यायचं, त्याला तास जातो, धीर लागतो. तो तास कुठल्याच ॲपमध्ये भरता येत नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आम्हाला ग्रॅच्युइटी लागू आहे. कायदे करणाऱ्यांनी सत्तेचाळीस वर्षांत जे सांगितलं नाही ते न्यायालयाला सांगावं लागलं.

बाई : अगं, पण हा तर माझाच मुद्दा तू मांडलास. राज्याने हात लावला की मोजता येतं तेवढं उरतं आणि न मोजता येणारं गळून जातं. ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे केलं ते कुठल्या जी.आर.मध्ये बसलं असतं? गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा गुरांमागे कुरणात न्यायची. असला निर्णय सकाळी उठून घ्यायचा असतो, अधिवेशनात नाही.

आणि अनुताईंचा विचार तू करत नाहीस. 1910 चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, लगेच वैधव्य, मग शिक्षण, नोकरी, आणि 1945 मध्ये ताराबाईंच्या हाकेसरशी बोर्डी. ताराबाई विधानसभेत होत्या तेव्हा बोर्डीला रोज सकाळी पोरांपुढे कोण होतं? जाणाऱ्या बाईमागे एक थांबणारी बाई असते. जाणारीचं नाव आमदारांच्या यादीत लागतं. थांबणारीच्या जिवावर संस्था उभी राहते. तुमच्या उत्साहात सगळ्या जणी जायला निघाल्या तर थांबायचं कुणी?

ताई : अनुताईंना मी विसरले नाही. उलट त्या दोघींकडे बघूनच मला वाटतं की आपण प्रश्न चुकीचा विचारत आलो. शिक्षिकेने जावं की थांबावं, असं एकटीला विचारून चालत नाही. ताराबाई शाळा सोडून सभागृहात गेल्या नाहीत. बोर्डी 1945 मध्ये सुरू झालं, आमदारकी 1946 मध्ये आली, आणि मुदत संपल्यावर त्यांना परत यायला बोर्डी होतं, कोसबाड होतं. डी व्हॅलेरांना आणि तुमच्या प्राध्यापकमंत्र्यांना परत यायला वर्ग उरला होता का? ज्या बाईला उद्या त्याच पोरांपुढे उभं राहायचंय ती वेगळं मत देईल, असं मला वाटतं.

बाई : वाटतं. पण बांधून कशाने ठेवशील? परत यायची इच्छा हा तिचा गुण झाला, व्यवस्था नाही. ताराबाई तशा होत्या म्हणून ते जमलं. व्यवस्था ताराबाईंच्या भरवशावर उभी करता येत नाही, कारण पुढच्या निवडणुकीत ताराबाई उभ्या नसतात. मी मघापासून राजकारणाला नको म्हणत होते. ते आता मी थोडं बदलते. जाणारी गेली तर जाऊ दे. पण ती थांबणारीला हिशेब कशी देणार, ते मला दाखव. पाच-सहा वर्षांनी ती तुझ्या अंगणात येऊन बसेल आणि तू तिला विचारशील, असं काय आहे तुझ्या हातात?

ताई : आज काहीच नाही. म्हणून तर मत मागते. 171वं कलम काही दगडावरची रेघ नाही, संसदेला कायदा करून विधान परिषदेची रचना बदलता येते.

बाई : संसदेत तो कायदा मांडायला आधी तुमच्यातली कुणीतरी तिथे हवी. आणि ती तुमच्या मताशिवाय, दुसऱ्याच कुणाच्या तिकिटावर, दुसऱ्याच मतांवर निवडून जाणार. मग ती तुमची कशी? शिवाय मत नसतानाही तुम्ही ऐकायला लावलंच की. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या, जानेवारीपर्यंत टिकल्या. गोदावरीबाईंच्या वाटेने गेलात आणि सरकारला बोलणी करावी लागली. मला तो रस्ता जास्त खरा वाटतो. त्यात कुणी तुमच्या नावावर परस्पर सही करत नाही.

ताई : तो संप तुम्ही बाहेरून पाहिलात, बाई. जमीनदाराच्या शेतावरचं काम थांबवलं तर नुकसान जमीनदाराचं होतं. अंगणवाडीला कुलूप लावलं तर मंत्रालयात कुणाचं ताट रिकामं राहत नाही, माझ्याच तांड्यावरच्या पोरांचं राहतं. त्या दिवसांत एक आजी नातीला घेऊन रोज दाराशी येऊन बसायची, कुलूप आहे हे माहीत असून. तिला मी काय सांगायचं होतं? मत हे असं हत्यार आहे की ते उचलताना पोराला इजा होत नाही, म्हणून मला ते हवंय.

बाई : ते मी समजू शकते. तरी माझं विचारणं उरतंच. आम्ही ते हत्यार इतकी वर्षं हातात धरलं आणि न वाचता येणाऱ्या पोरासाठी एकदाही उचललं नाही. तुम्ही उचलाल, असं तू कशावरून म्हणतेस?

ताई : तुमच्या वर्गात पोर आठवीत येऊन बसायचं. माझ्याकडे ते आईच्या कडेवरून येतं, आणि आई त्याच तांड्यावर राहते, संध्याकाळी मला विहिरीवर भेटते. मला वाटतं फरक त्याने पडेल. पडेलच, असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही.